वेदना, संज्ञा आणि संशोधकाची वही

पवनी तालुक्यातील एका गावी एका संशोधक विद्यार्थ्याने एका वृद्ध उपासिकेस विचारले, "आजी, धम्म स्वीकारल्याबद्दल तुमच्या भावना काय आहेत?" उपासिका क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "भावना आमी पुनवेले करतो, बाबू. विहारात. सारेजन बसतो." विद्यार्थ्याने ध्वनिमुद्रण लिहून काढले आणि समासात नोंद केली : ‘उत्तरदात्रीस प्रश्नाचे आकलन झाले नाही, भावनिक प्रतिसाद अप्राप्त.’ तो प्रबंध पाली शब्दांच्या तपासणीसाठी आमच्याकडे आला, तेव्हा त्या नोंदीवर आम्ही लाल रेघ ओढली. आकलन झाले नव्हते हे खरे. ते कोणाचे, एवढाच प्रश्न होता.

पालीत भावना म्हणजे वाढविणे, जोपासणे, अभ्यासाने रुजविणे. मेत्ताभावना ही करावयाची गोष्ट आहे. उपासिकेने प्रश्नातील शब्द त्याच्या जुन्या अर्थाने घेतला आणि त्यास नेमके उत्तर दिले. विद्यार्थ्याच्या पाठ्यपुस्तकात मात्र भावना म्हणजे राग, लोभ, भय, आनंद. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. चूक ठरली ती फक्त ज्याच्या हाती लेखणी नव्हती त्याची. प्रस्तुत लेखात आम्हांस जे म्हणावयाचे आहे ते या एका नोंदीत सामावलेले आहे. मानसशास्त्र आणि गुणात्मक सामाजिक संशोधन यांच्या मूलभूत संकल्पना मराठीत ज्या शब्दांनी आल्या, त्यांतील बरेचसे शब्द पाली परंपरेत आधीच दुसऱ्या अर्थाने नांदत होते. बौद्ध समाजाचा अभ्यास करताना हा भेद लक्षात घेतला नाही, तर आमच्या माणसांची साक्ष तिच्या नोंदीतच हरवते. आम्ही पाली शिकविणारे. सामाजिक संशोधन हा आमचा प्रांत नव्हे. परंतु ज्या शब्दांचा हिशोब ठेवणे आमच्याकडे आहे त्यांचाच व्यवहार येथे चुकत असल्यामुळे गप्प बसणेही योग्य वाटत नाही.

काही शब्द पाहू. मराठीत ‘वेदना’ म्हणजे दुःख, कळ. पालीत वेदना तीन प्रकारची : सुख, दुःख आणि अदुःखमसुख. म्हणजे सुखही वेदनाच आहे, आणि जेथे यांपैकी काहीच उठून जाणवत नाही तेथेही वेदना आहेच. ‘चेतना’ म्हणजे मराठीत जागृती, जिवंतपणा; पालीत चेतना म्हणजे हेतू, कर्म करण्यामागील मनाचा कल, आणि तथागतांनी कर्माची व्याख्याच चेतनेवरून केली. ‘संज्ञा’ मराठीत शास्त्रीय नाव झाली. पालीतील सञ्ञा म्हणजे ओळखणे, खूण पटणे. ‘विज्ञान’ तर पार प्रयोगशाळेत गेले. विञ्ञाणाशी त्याचा संबंध विचारणारा विद्यार्थी आम्हांस वीस वर्षांत एकदाच भेटला. ‘संस्कार’ आणि ‘स्मृती’ यांची कथा याहून निराळी नाही.

शब्दांचे अर्थ काळाच्या ओघात बदलतात, त्यात कोणाचा अपराध नसतो. खंत आहे ती अशी की, मराठी भाषकांच्याच हाती या विषयाची उत्तम साधने होती. कॅरोलाइन ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १९०० साली धम्मसङ्गणीचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा शीर्षकातच त्यास बौद्ध मानसशास्त्रीय नीतीचा ग्रंथ म्हटले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रा. पु. वि. बापट व प्रा. रा. द. वाडेकर यांनी संपादिलेली धम्मसङ्गणी १९४० साली आणि अट्ठसालिनी १९४२ साली देवनागरीत छापली. धर्मानंद कोसंबींनी अभिधम्मत्थसङ्गहावर नवनीतटीका लिहिली, ती १९४१ साली प्रसिद्ध झाली. मनाच्या व्यापारांची एवढी सूक्ष्म परिभाषा घरात असताना मानसशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांनी तिच्याकडे वळून पाहिल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.

येथे आपल्याच घराकडेही बोट दाखविणे भाग आहे. तथागत हे जगातील पहिले मानसशास्त्रज्ञ होते, पाश्चात्त्यांनी जे आज शोधले ते अभिधम्मात पूर्वीच होते, अशा आशयाचे लेख आपल्या नियतकालिकांतून वर्षानुवर्षे येत आहेत. अशा लेखांनी समाधान मिळते, काम होत नाही. अभिधम्मातील चित्तांची गणना कितीही काटेकोर असली तरी त्या चित्तांना गाव नाही, शेताची धुऱ्यावरची भांडणे नाहीत, पाणवठा नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथात धम्म हा माणसामाणसांतील संबंधांचा विषय आहे, एकट्या माणसास त्याची गरज भासत नाही, असे ठामपणे मांडले. नेमके येथेच अभिधम्म अपुरा पडतो आणि गावात जाऊन, माणसांजवळ बसून, ऐकून लिहिणाऱ्या संशोधनाची गरज निर्माण होते. उलट, १९७९ साली जॉन कबॅट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेल्या उपचारपद्धतीपासून सतीचा जो ‘माइंडफुलनेस’ झाला, त्यात रुग्णांस आराम मिळतो हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या दुःखाचे कारण दुसऱ्याच्या वागण्यात आहे, त्याचा उपाय पीडिताच्या श्वासात शोधावयास सांगणे आमच्या समाजास परवडणारे नाही.

आता सञ्ञेकडे वळू, कारण आमच्या मते गुणात्मक संशोधनाची किल्ली तेथे आहे. विसुद्धिमग्गात आचार्य बुद्धघोष सञ्ञेचे कार्य सांगताना सुताराचा दृष्टांत देतात. सुतार लाकडावर खूण करून ठेवतो. पुढे ती खूण दिसली की ‘हे तेच’ असे तो ओळखतो. लाकूड आतून कसे आहे हे खुणेला ठाऊक नसते. तेथेच दुसरा दृष्टांत सराफाच्या फळीवरील नाण्यांच्या ढिगाचा आहे. अजाण बालकास नाणी फक्त गोल, चौकोनी, नक्षीदार दिसतात, ती सञ्ञा. गावकऱ्यास त्यांचा उपयोगही कळतो, ते विञ्ञाण. सराफ मात्र पाहून, वाजवून, हुंगून, चाखून, हातावर तोलून सांगतो की, हे नाणे खरे की खोटे, कोणत्या गावी, कोणत्या कारागिराने घडविले, ती पञ्ञा. (गावकऱ्यास मधल्या पायरीवर बसविणे हा त्या काळच्या नगरवासीयांचा स्वभाव असावा. आम्ही प्रारंभी सांगितलेल्या प्रसंगात सराफ उपासिका होती आणि बालक पदव्युत्तर होते.)

गुणात्मक संशोधनात मुलाखतींचे उतारे लिहून काढल्यावर त्यांतील वाक्यांना संकेत देण्याची रीत आहे. बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस यांनी १९६७ साली जी पद्धत मांडली, तीत सिद्धांत आधी ठरवून न जाता अशा संकेतांतून तो वर येऊ द्यावा, असा आग्रह आहे. आग्रह चांगला आहे. परंतु संकेत देणे म्हणजे सुताराने लाकडावर खूण करणेच होय. संकेत ही संशोधकाची सञ्ञा असते, उत्तर देणाऱ्याची नव्हे. ‘भावनिक प्रतिसाद अप्राप्त’ हा संकेत उपासिकेविषयी काही सांगत नाही. तो विद्यार्थ्याच्या पाठ्यपुस्तकाविषयी सांगतो. संशोधकाने आपल्या अभ्यासात स्वतःलाही तपासावे, ही जी अपेक्षा अलीकडे सर्वत्र मांडली जाते, तिचा अर्थ आम्ही एवढाच घेतो : खूण आपण केली आहे, ती लाकडात नव्हती, हे न विसरणे.

केनेथ पाइक या भाषाशास्त्रज्ञाने १९५४ साली आतील आणि बाहेरील दृष्टी असा भेद केला. समाजातील माणूस स्वतःच्या व्यवहारास जे नाव देतो ते आतले; अभ्यासक जे देतो ते बाहेरचे. या भेदाचे एक सुंदर उदाहरण आमच्याच जिल्ह्यात जमिनीखाली होते. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली पुरातत्त्व विभाग आणि नागपूर विद्यापीठ यांनी उत्खनन केले. तेथे मिळालेल्या एका शिल्पावर मुचलिंद नागाचे नाव कोरलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराने आपण काय कोरले हे स्वतःच सांगून ठेवले, म्हणून तेथे केवळ नागपूजा पाहणाऱ्यास वाव राहिला नाही. ज्या शिल्पांवर नाव नाही त्यांच्याविषयी तर्क करावा लागतो आणि तर्क करणारा आपले घर त्यात घालतो.

आजच्या वस्तीत हाच प्रश्न जिवंत होऊन येतो. प्रश्नावलीत ‘जात’ असा रकाना असतो. उत्तर येते, "बौद्ध." प्रश्न विचारणारा थोडा थांबतो, पुन्हा विचारतो, आणि शेवटी स्वतःच ‘महार’ लिहितो. त्याला वाटते आपण उत्तर दुरुस्त केले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे घडले, ते आपण एका रकान्यात रद्द केले हे त्याच्या ध्यानी येत नाही. परंतु येथे घाईने निकाल देण्याचाही मोह आम्ही टाळतो. १९९० साली अनुसूचित जातींविषयीच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला. म्हणजे संरक्षण आणि सवलत मिळण्यासाठी ज्या नावाचा त्याग केला तेच नाव दाखल्यावर असावे लागते. एकच माणूस विहारात एक आणि तहसील कचेरीत दुसरे नाव सांगतो. ही विसंगती माणसाची नाही, व्यवस्थेची आहे. आणि संशोधकाच्या वहीत दोन्ही नावे, कोणते कोठे उच्चारले या तपशिलासह आली पाहिजेत.

अनुभव कोणाचा आणि सिद्धांत कोणाचा, हा वादही याच रकान्यातला. प्रा. गोपाळ गुरू यांनी २००२ साली असा आक्षेप घेतला की, भारतीय समाजशास्त्रांत दलितांनी अनुभव पुरवावा आणि इतरांनी सिद्धांत रचावा अशी श्रमविभागणी झाली आहे. पुढे सुंदर सरुक्काई यांच्यासह त्यांनी या प्रश्नावर २०१२ साली ग्रंथच सिद्ध केला. आम्ही त्यात एवढीच भर घालू की, ही विभागणी मोडणारे काम मराठीत त्यापूर्वी झालेले होते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचा ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ साली आला. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना शोधून, भेटून, त्यांच्या तोंडून इतिहास मिळविण्याचे ते काम होते. ऐकणाऱ्या आणि सांगणाऱ्या एकाच चळवळीतील असल्यामुळे तेथे ‘भावना’ या शब्दाचा घोटाळा झाला नसता, असे आम्हांस खात्रीने वाटते. विद्यापीठांनी गुणात्मक पद्धतीचा पाठ म्हणून हा ग्रंथ नेमावयास हवा.

हा वाद केवळ शब्दांचा असता तर आम्ही तो पाली वर्गापुरता ठेवला असता. परंतु भंडारा जिल्ह्यात राहून हेतू, ओळख आणि साक्ष या संकल्पनांवर लिहिताना मोहाडी तालुक्यातील खैरलांजीस वळसा घालून जाता येत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची जमावाने हत्या केली. काही दिवसांपूर्वी मारहाणीच्या एका प्रकरणात या कुटुंबाने साक्ष दिली होती; जमिनीचा वाद त्याही आधीपासून होता. भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरविले आणि त्यांतील सहा जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ जुलै २०१० रोजी फाशी रद्द करून २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. दोन्ही न्यायालयांनी अत्याचार प्रतिबंध अधिनियम लागू होतो असे मानले नाही. कृत्यामागे सूड होता, जात हे कारण सिद्ध झाले नाही, असा निष्कर्ष निघाला.

या निष्कर्षाने आपल्या समाजात जो क्षोभ झाला तो आम्ही पाहिला आहे, अनुभवला आहे. येथे मात्र आम्हांस त्यातील संकल्पना तपासावयाच्या आहेत. १९८९ च्या अधिनियमातील कलम ३(२)(५) मध्ये त्या वेळी जी अट होती, तिचा आशय असा की, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे या कारणावरून गुन्हा घडलेला असावा. म्हणजे कायद्याने चेतना मागितली होती. जातीचा हेतू सुटा काढून, इतर सर्व हेतूंपासून वेगळा करून दाखवा, अशी ती मागणी होती. सूड आणि जात यांपैकी एक निवडा, असाच जणू प्रश्न होता. परंतु अभिधम्माचा विद्यार्थी विचारील की, सूड कोणावर घेता येतो आणि कोणत्या मर्यादेपर्यंत, हे कोण ठरविते? साक्ष तर गावात पुष्कळांनी दिलेली असते. साक्षीदाराच्या घरावर जमाव चालून जातो आणि कोणी मध्ये पडत नाही, तेव्हा ते घर कोणाचे आहे याची खूण लाकडावर फार पूर्वी झालेली असते. जात तेथे चेतना म्हणून नसेलही. ती सञ्ञा म्हणून असते, आणि सञ्ञेची साक्ष कोणी देत नाही, कारण तिचा उच्चार करावा लागत नाही.

पाश्चात्त्य मानसशास्त्रही या टप्प्यावर उशिरा आले. गॉर्डन ऑलपोर्ट यांच्या १९५४ च्या ग्रंथात पूर्वग्रह ही माणसाने धरलेली वृत्ती आहे. १९९५ नंतर अँथनी ग्रीनवाल्ड आणि मूळच्या सिकंदराबादच्या महजरीन बानाजी यांनी, माणसाला स्वतःला ठाऊक नसलेल्या जोडण्या कशा मोजाव्यात याचा मार्ग दाखविला. १९९८ ची ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांची चाचणी बटण दाबण्यातील विलंब मोजते. अशा मोजणीवरून प्रत्यक्ष वर्तन किती सांगता येते, याविषयी त्या शास्त्रात अजून वाद आहे, आणि खैरलांजीसारख्या गावी बटणे घेऊन जाण्याची कल्पनाही आम्हांस करवत नाही. तरी दिशा योग्य आहे : हेतूच्या खालचा थर पाहणे.

आणि आश्चर्य असे की, कायद्यानेच पुढे ही पायरी उतरली. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली, त्या कलमातील ‘या कारणावरून’ हा आशय जाऊन ‘हे माहीत असताना’ हा आशय आला. शिवाय आरोपीस पीडिताची किंवा त्याच्या कुटुंबाची वैयक्तिक माहिती होती असे दिसले, तर त्याला जात ठाऊक होती असे न्यायालयाने गृहीत धरावे आणि उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असावा, अशी तरतूद कलम ८ मध्ये झाली. कारणाकडून माहितीकडे, म्हणजे आमच्या परिभाषेत चेतनेकडून सञ्ञेकडे हा प्रवास आहे. कायदा करणाऱ्यांनी अभिधम्म वाचला नव्हता. ज्यांनी निकालांचे दाखले गोळा करून दुरुस्तीचा पाठपुरावा केला, त्यांच्या अनुभवातून ही शहाणीव आली. खैरलांजीस तिचा उपयोग झाला नाही. त्या कुटुंबात वाचलेले भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये निवर्तले.

डॉ. आनंद तेलतुंबडे यांनी २००८ साली खैरलांजीवर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जमीन, राज्ययंत्रणा, प्रसारमाध्यमे यांची त्यांनी केलेली चिकित्सा मोलाची आहे, आणि हा प्रकार अपवाद नव्हे हे त्यांनी निर्विवाद दाखविले. आमची अपेक्षा त्यापुढची आहे. गावात खूण कशी होते, रोज कशी गिरवली जाते, दुकानात, पाणंदीवर, शाळेच्या ओट्यावर, याचे सघन वर्णन आमच्या जिल्ह्यातून यावयास हवे. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९७३ साली ही संकल्पना गिल्बर्ट राइल यांच्याकडून घेऊन रुजविली. दोन मुलांच्या पापण्या सारख्याच मिटतात, परंतु एकाचे ते नुसते फडफडणे असते आणि दुसऱ्याचा इशारा. खैरलांजीपूर्वी अशा किती पापण्या मिटल्या असतील, त्या कोणी लिहिल्या नाहीत.

मज्झिमनिकायातील मधुपिण्डिकसुत्तात महाकच्चानांनी जे विवरण केले आहे, त्याची व्याकरणरचना या संदर्भात पाहण्यासारखी आहे. भिक्षू ञाणनन्द यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात तिच्याकडे लक्ष वेधले. प्रारंभी डोळा, रूप आणि स्पर्श यांविषयी बोलताना वाक्यात कर्ता नाही, गोष्टी घडतात. मग वेदेति, सञ्जानाति, वितक्केति, पपञ्चेति अशी कर्तरी क्रियापदे येतात. माणूस अनुभवतो, ओळखतो, विचार करतो, पसारा मांडतो. आणि अखेरीस पुन्हा पालट होतो : माणूस कर्म बनतो आणि त्याच्याच मनाने उभारलेल्या सञ्ञांचा पसारा त्याच्यावर चालून येतो. परंपरेने हे एका मनाचे वर्णन मानले. आम्हांस वाटते, जमावाचेही याहून अचूक वर्णन करणे कठीण आहे. फरक इतकाच की, गावात पपञ्च एकाचा असतो आणि चालून जातो दुसऱ्याच्या घरावर. हा अर्थ सुत्तात नाही हे आम्ही मान्य करतो.

पवनी तालुक्यातील तो विद्यार्थी लाल रेघ पाहून प्रथम नाराज झाला. नंतर तो पुन्हा त्या गावी गेला, पौर्णिमेच्या दिवशी, आणि प्रश्नावली पिशवीतच ठेवून बसला. परत येताना त्याने उपासिकेस विचारले की, भावना करताना काय होते. उत्तर पाऊण तासाचे आहे. १९५६ साली नागपूरहून चालत परतलेल्या वडिलांपासून ते मागील उन्हाळ्यातील विहिरीच्या भांडणापर्यंत सर्व काही त्यात आहे. लिप्यंतराचे काम सध्या आमच्या टेबलावर आहे. विद्यार्थ्याने पहिल्या मसुद्यात ‘मले’ चे ‘मला’ आणि ‘कोनी’ चे ‘कोणी’ केले होते. झाडीबोलीत ‘ण’ नाही, मग वहीत तो कोठून आला, असे आम्ही विचारले. आता तो सर्व पाने पुन्हा ऐकून लिहीत आहे. ‘वेदना’ हा शब्द त्या पाऊण तासात उपासिकेने दोनदा उच्चारला आहे, आणि दुसऱ्या वेळी तो मराठी आहे की पाली, यावर आमचे एकमत झालेले नाही.